उष्ट्याची चहाडी

पद्मजा मगदूमच्या खानावळीतलं भांडी धुण्याचं यंत्र ऐन दुपारच्या पंगतीत बंद पडलं. आधी घरघरलं, मग जळका वास आला आणि दारातून साबणाचं पाणी ओघळायला लागलं. दुरुस्तीवाल्यानं ते उघडून पाहिलं आणि सांगितलं, "ताई, मोटार गेली. ह्या मॉडेलची मोटार आता बनतच नाही."

"मग हातानं घासते. हात आहेत की मला."

"घासा. पण पालिकेचा माणूस आला तर खानावळीला टाळं लावून जाईल."

ते खरंच होतं. कृष्णेचं पात्र निम्मं वर्ष कोरडं राहायला लागल्यापासून सांगली-कुपवाडात खानावळींना नळाखाली भांडी धुवायला बंदी होती. तेच तेच पाणी गाळून पुन्हा वापरणारं यंत्र हवंच, असा नियम होता. पद्मजाची खानावळ औद्योगिक वसाहतीच्या तोंडाशीच. ओतकामाच्या कारखान्यातली माणसं तिची महिन्याची मेंबर होती. प्रत्येकाला स्वतःचं ताट, काठावर नाव कोरलेलं. साथीच्या वर्षांनंतर लोकांना दुसऱ्याच्या ताटात जेवायला नको वाटायचं, म्हणून तिनंच ती पद्धत पाडली होती.

नवरा अजित आणि ती विश्रामबागेतल्या दुकानात गेले. विक्रेता उत्साही होता. त्यानं दोन यंत्रं शेजारी शेजारी दाखवली. दोन्ही दिसायला सारखी, पाणी सारखंच पिणारी. एकाची किंमत त्यांच्या ऐपतीतली, दुसऱ्याची तिप्पट.

"ह्या दोन्हींत फरक काय?" पद्मजानं विचारलं.

"हे स्वस्त आहे ते सहयोगी यंत्र, काकू. म्हणजे ते धुताना माहिती गोळा करतं आणि कंपनीला पाठवतं. त्या बदल्यात कंपनी सवलत देते. ते महाग आहे ते मुकं."

"म्हणजे गप्प बसायचे पैसे जास्त?"

विक्रेता हसला. "आजकाल गप्प बसणारी वस्तू महागच असते."

"कसली माहिती?"

"पाणी किती लागलं, तेलकटपणा किती, अन्न किती वाया गेलं. शिवाय ताटावरचं नाव वाचतं. कुणाचं ताट हरवलं तर लगेच सांगतं. तुमच्यासारख्यांना फारच सोयीचं."

पद्मजा जरा घुटमळली. पण अजित म्हणाला, "अगं, आपण डाळीला फोडणी कशाची घालतो हे कळून कळून कुणाला काय मिळणार? घे." तिनं पडद्यावर बोटानं सही केली. सहीच्या वर बारीक अक्षरांची भलीमोठी माळ होती. विक्रेत्यानं ती अंगठ्यानं सर्रकन वर सरकवली.

यंत्र चांगलं निघालं. भांडी लखलखीत व्हायची, आवाज नव्हता. पद्मजा मनातून खूश होती.

मग काही महिन्यांनी बाळासाहेब ऐवळ्यांचं जेवण कमी झालं.

ऐवळे तिचे सर्वांत जुने मेंबर. ओतकामाच्या कारखान्यात उंच क्रेनवर बसून वितळलेल्या लोखंडाची बादली भट्टीपासून साच्यापर्यंत नेण्याचं त्यांचं काम. खाली माणसं वावरत असायची आणि वरून लालभडक रस डुचमळत जायचा. एक थेंब सांडला नाही आजवर, असं सगळेच सांगायचे. बोलायला थोडके, पण भाकरी आवडली की "ताई, आज हात बसलाय," एवढं म्हणायचेच. त्या आठवड्यात ते आले, अर्धी भाकरी मोडली आणि बसून राहिले.

"काय झालं, भाऊ? बरं नाही का?"

"क्रेनवरनं उतरवलं मला. गोदामात बसवलंय, पोती मोजायला."

"का?"

"सांगत न्हाईत. चूक विचारली तर म्हणत्यात, चूक न्हाई. म्हातारा झालो का म्हटलं, तर न्हाई म्हणत्यात. नुसतं म्हणत्यात, जोखमीचा आकडा वर गेलाय." त्यांनी हात ताटाच्या काठावर ठेवला. "कसला आकडा, ताई? मी काय परीक्षेला बसलो हुतो?"

पद्मजाला राग आला, पण तो कारखान्याचा. दुसऱ्याच्या घरच्या अन्यायाचा राग येतो तसा. त्या घराला आपल्या बाजूनंही एक दार आहे हे तिला ठाऊक नव्हतं.

ते कळलं ते यंत्राच्या पहिल्या सर्व्हिसिंगला. कंपनीची तंत्रज्ञ आली होती, तेजल नावाची, बोलकी मुलगी. तिनं यंत्राच्या पोटातून नखाएवढी एक काचेची चकती काढली आणि तिच्या जागी नवी बसवली.

"हे काय गं?"

"चव घेणारी चकती, काकू. यंत्राची जीभ म्हणा ना."

"गढूळ पाणी ओळखायला?"

"सुरुवातीला त्यासाठीच बनवली होती. तेच पाणी पुन्हा वापरायचं तर त्यात काय मिसळलंय ते कळायला हवं ना. पण मग लक्षात आलं, की उष्ट्या ताटावर अन्नाइतकीच लाळही असते." तेजल रंगात आली. "तुम्ही बघा, ताट आत गेलं की आधी थंड पाण्याची बारीक फवारणी होते. गरम पाणी नंतर. कारण गरम पाण्यानं लाळेतली प्रथिनं मोडतात. ते पहिलं पाणी ह्या चकतीवरनं जातं. चकतीवर हजारो सूक्ष्म कुलपं आहेत. प्रत्येक प्रथिन ही एक किल्ली. ज्या कुलपात किल्ली बसली, तिथला विजेचा प्रवाह किंचित बदलतो. त्यावरनं साखरेचा आजार, मूत्रपिंडाचा त्रास, बरंच काही कळतं. मेंदूचे काही आजार असतात ना, हात थरथरणारे? त्यात एक प्रथिन चुकीच्या घडीत दुमडलं जातं. हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधी ते लाळेत उतरायला लागतं. एका ताटावरनं नाही कळत. पण रोजचं ताट, तेच नाव, महिनोन्‌महिने. मग कळतं."

पद्मजाचा हात ओट्यावरच थांबला.

"ताटावरचं नाव," ती म्हणाली. "ते ताट हरवू नये म्हणून वाचतात ना?"

तेजल अवजारं आवरायला लागली. आपण जास्त बोललो हे तिला कळलं.

"आणि हे सगळं जातं कुठं?"

"विमा कंपन्यांकडं जातं, काकू. करारात आहे ते. मेंबरांची संमती तुम्ही घेतलीय असं धरतात. तुमची सही म्हणजे त्यांची सही."

तेजल गेली. पद्मजा यंत्रासमोर उभी राहिली. आत कालची ताटं ओळीनं उभी होती, काठावरची नावं बाहेरच्या बाजूला. तिनंच तशी लावली होती. नाव पुढं ठेवा म्हणजे यंत्राला वाचता येतं, असं विक्रेत्यानं शिकवलं होतं. खाल्ल्या मिठाला जागावं असं खाणाऱ्याला सांगतात. खाऊ घालणाऱ्यानं कशाला जागावं हे कुणी सांगत नाही, कारण ते सांगावं लागत नाही. ज्याला घास दिला त्याच्या तोंडातली लाळ तिनं विकली होती. तीही सवलतीत.

तिनं कंपनीला फोन लावला. पलीकडच्या गोड आवाजानं सांगितलं, की कंपनी कुणाचा आजार सांगत नाही, फक्त आकडा देते. विमा कंपनीला लावला. ते म्हणाले, आम्ही कुणाला कामावरून काढत नाही, फक्त हप्ता ठरवतो. मग तिनं पदर खोचला आणि थेट कारखान्यात गेली.

तिथला मनुष्यबळ अधिकारी किरण सावर्डेकर तिच्या ओळखीचा होता. कोकणातून आलेला, एकटा राहणारा मुलगा. तिचाच डबा, कप्प्यांवर त्याचं नाव कोरलेला, त्याला दुपारी जायचा. त्यानं खुर्ची दिली, पाणी मागवलं.

"काकू, तुम्ही उगाच मनाला लावून घेताय. आकडा वर गेल्यावर त्यांना क्रेनवर ठेवलं असतं, तर सगळ्या कारखान्याचा विमा रद्द झाला असता. आणि तुम्हीच सांगा, वर वितळलेलं लोखंड, खाली माणसं. उद्या त्यांचा हात थरथरला तर?"

प्रश्न खोटा नव्हता. खाली वावरणारी माणसंही तिचीच मेंबर होती.

"मग त्यांना डॉक्टरकडं न्या," ती म्हणाली. "मिरज काय लांब आहे? तपासा. हात थरथरतोय का बघा. थरथरत असेल तर उतरवा खाली, आणि का उतरवलं ते तोंडावर सांगा."

"तसं सांगता येत नाही. आजार कुठला ते आम्हालाही कळत नाही. आम्हाला फक्त लाल खूण दिसते."

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही, विम्यावाल्याला अर्धवट माहीत, यंत्राला सगळं माहीत. आणि ज्याचा हात आहे तो माणूस तिकडं पोती मोजत विचार करतोय की माझं चुकलं काय!" तिचा आवाज चढला, बाहेरची माणसं वळून बघायला लागली. "अरे, गुरांच्या डॉक्टरनं म्हैस तपासली तरी मालकाला सांगतो रे बाबा, तिला काय झालंय ते!"

"यंत्र खोटं बोलत नाही, काकू," सावर्डेकर थंडपणे म्हणाला. "आणि ते तुमच्याच खानावळीतलं आहे."

घरी आल्यावर अजितनं तिला शांत करायचा प्रयत्न केला. "आपण मुद्दाम केलं का? नाही ना? मग गप्प बस. मेंबरांना सांगितलंस तर उद्या एक माणूस जेवायला येणार नाही. सहयोग बंद केला तर यंत्र बंद पडेल. मग खायचं काय?"

"अहो, त्यांनी आपल्याला फसवलं तोवर ठीक होतं. आता माहीत असून गप्प बसले तर मी त्यांना फसवतेय."

"त्यांना काही होत नाहीये पद्मा, आकडा नुसता."

"ऐवळेभाऊंना विचारा नुसता का ते."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या पंगतीत आमटी वाढून झाल्यावर पद्मजा मध्ये उभी राहिली आणि तिनं सगळं सांगितलं. चकती, लाळ, नावं, आपली सही. काही लपवलं नाही.

आधी कुणाला कळलंच नाही. मग एकदम गलका झाला. एकानं ताट ढकललं. एक तरुण फिटर ओरडला, "आमच्या तोंडातलं विकलं व्हय ताई तुम्ही?" आणि चप्पल पायात घालून गेला. त्याच्यामागं आणखी काही जण गेले. पद्मजानं कुणाला अडवलं नाही.

ऐवळे बसून होते. गलका ओसरल्यावर म्हणाले, "म्हंजे माझा हात जाणार?"

"जाईलच असं नाही, भाऊ. मी त्या यंत्रवाल्या मुलीला विचारलं. जाऊ शकतो, न जाऊही शकतो. डॉक्टरच सांगतील."

"एवढं तर त्यांनी सांगायचं हुतं की." त्यांनी आपला उजवा हात उलटा-सुलटा करून पाहिला, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. "मी इतके दिवस म्हणत हुतो, कुणीतरी माझी चहाडी केली. तर हे असं."

जे उरले त्यांनी मिळून एक तोड काढली. यंत्राला नाव हवं ना, मग नावाची खिचडी करायची. कुणीही कुणाच्याही ताटात जेवायचं. दुसऱ्याच्या ताटाला शिवायला नको म्हणणारी माणसं हसत हसत ताटं बदलायला लागली. "आज मी शिंदे, मला शिंद्याची साखर होऊ दे," असे विनोद झाले.

वाढणारी मात्र पद्मजा होती. ताटं कमी पडलीत असं सांगून ती रोज ऐवळ्यांपुढं आदल्या दिवशी कारखान्यातून परत आलेल्या डब्याचा कप्पा ठेवायची. त्यावर नाव कोरलं होतं, सावर्डेकर. एकदा चुकून झालं असतं. पण ती ते रोज करत होती आणि करताना तिच्या मनात काय चाललंय ते तिला नीट ठाऊक होतं.

काही महिन्यांनी, उन्हाळा लागता लागता, एक दिवस सावर्डेकर स्वतः खानावळीत आला. चेहरा उतरलेला, शर्ट घामानं भिजलेला. पंगत चालू होती.

"काकू, माझी पुण्याची बढती थांबवली. सकाळी संगणकाचा पडदा उघडला तर माझ्याच नावापुढं लाल खूण. मी धडधाकट आहे! मी रोज पळतो! मला कुणी तपासलं नाही, कुणी विचारलं नाही. एका डब्यावरनं कसं ठरवतात हे?"

"यंत्र खोटं बोलत नाही, किरण," पद्मजा म्हणाली.

हळूहळू त्याच्या लक्षात आलं. "तुम्ही केलंत?"

"हो. मी केलं. तुझ्या डब्यात भाऊंना वाढलं. आता तुला कळतंय का मी त्या दिवशी तुझ्या खोलीत काय ओरडत होते ते? तुला एक सकाळ सोसवेना. ह्यांनी महिने काढले."

तिला वाटलं होतं, हे बोलल्यावर छाती हलकी होईल. पण तेवढ्यात ऐवळे उठले. समोरचा कप्पा त्यांनी उचलला, त्यावरचं नाव बोटानं चाचपलं आणि तो तिच्यासमोर ठेवला.

"ताई, हे मला विचारून केलं न्हाई तुम्ही."

"भाऊ, तुमच्यासाठीच…"

"माझ्यासाठी असंल. पण माझा आजार दुसऱ्याच्या ताटात वाढायचा न्हाई. त्यांनी मला न सांगता घेतला, तुम्ही मला न सांगता वाटला. फरक काय झाला?"

इतके दिवस पद्मजा सगळ्यांवर संतापत होती, आता संताप वळून तिच्याकडंच आला होता आणि त्याला जागा द्यायलाच हवी होती. "चुकलं भाऊ," ती म्हणाली. एवढंच.

ऐवळे सावर्डेकरकडं वळले. "साहेब, तुम्ही वर तक्रार करणार न्हवं? माणूस तपासल्याबिगर आकड्यावर ठरवू नका म्हणून?"

"करणारच."

"मग त्यात दोघांची नावं घाला. एकट्याची तक्रार हुती तवा ती रडगाणं हुतं."

सावर्डेकर खाली बसला. अजितनं, कुणी न सांगता, त्याच्यापुढं पाण्याचा पेला ठेवला. मग तो तिथंच, आमटीच्या वासात बसून, फोनवर तक्रार लिहायला लागला. बाकीचे मेंबर हात न धुता त्याच्याभोवती उभे राहिले आणि एकेक वाक्य सांगायला लागले.

त्या तक्रारीनं जग बदललं नाही. विमा कंपनीनं फक्त एवढं मान्य केलं, की खानावळीच्या भांड्यांवरचा आकडा 'पुरेसा विश्वासार्ह नाही.' माणसाला न विचारता घेणं चूक होतं, असं मात्र कुणी लिहिलं नाही. यंत्राच्या कंपनीनं पद्मजावर करारभंगाचा ठपका ठेवला आणि माणसं पाठवून यंत्र उचलून नेलं. जाताना त्यातल्या एकानं विचारलं, "मावशी, एवढं चांगलं यंत्र, काय वाकडं केलं होतं तुमचं?" पद्मजानं त्याला वाट करून दिली. गडी माणूस होता, त्याच्यावर काय चिडायचं?

नवं यंत्र घ्यायला ती पुन्हा दुकानात गेली नाही. मिरजेतलं एक लग्नकार्यालय बंद पडत होतं, तिथलं एक जुनं, अगडबंब, मुकं यंत्र अजितनं शोधून काढलं. ते बैलगाडीसारखं खडखडायचं आणि एका दमात निम्मीच ताटं धुवायचं. उरलेली ताटं दुसऱ्या फेरीला थांबायची. गेलेल्या मेंबरांपैकी काही परत आले, काही आले नाहीत. तो तरुण फिटर आला नाही. रस्त्यात भेटला की मान वळवायचा आणि पद्मजाला ते पटायचंही.

ऐवळ्यांना मिरजेच्या डॉक्टरांनी हातानं तपासलं. सुई उचलायला लावली, डोळे मिटून नाकाला बोट लावायला लावलं, सरळ रेषेत चालवलं. आज हात स्वच्छ आहे, असं सांगितलं. उद्याचं माहीत नाही, दर तीन महिन्यांनी या, काही दिसलं तर आधी तुम्हाला सांगेन. ऐवळे पुन्हा क्रेनवर चढले.

पण एक गोष्ट झाली होती ती पुसता येत नव्हती. ऐवळे जेवायला बसले, की पंगतीतली बोलणी जराशी थांबायची. ते पेला उचलायचे तेव्हा शेजारचा माणूस भाकरीकडं बघतोय असं दाखवून त्यांच्या बोटांकडं बघायचा. पद्मजाही बघायची. तिला स्वतःची चीड यायची, तरी नजर जायचीच. यंत्र कंपनीनं परत नेलं होतं, पण जाताना ते आपली जीभ तिच्या डोळ्यांत ठेवून गेलं होतं.

एकदा ताक वाढताना ऐवळ्यांनी तिला पकडलं.

"हाताकडं बघताय न्हवं?"

पद्मजा ओशाळली. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. "हो भाऊ. बघतेय."

"बघा की. मी बी बघतोच रोज उठल्यावर. फकस्त चोरून बघू नका. मला सांगून बघा."

तिनं पेला काठोकाठ भरला आणि त्यांच्यापुढं ठेवला. मग त्यांच्यासमोर सरळ बसली, सगळ्या पंगतीदेखत.

"उचला," ती म्हणाली. "बघतेय मी."

ऐवळ्यांनी पेला उचलला.